बुधवारचं पाणी

माझा उजवा हात कोपरात मोडला तो शाळेत, नकाशा टांगताना स्टुलावरून पडून. लढाईची वर्षं होती ती. नगरच्या दवाखान्यात प्लॅस्टर घातलं, दीड महिन्याने काढलं, आणि आतून निघाला तो हात अर्धवट वाकलेला, काटकुळा, कुणा दुसऱ्याचाच वाटावा असा. वेणी घालता येईना, फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत खडू पोचेना. डाव्या हाताने लिहून पाहिलं तर वर्गातल्या पोरी फिदीफिदी हसल्या. वडील केव्हाच गेलेले, घरात मी आणि आई दोघीच, आणि घर चालायचं ते माझ्या मास्तरकीवर. हेडमास्तर गोड शब्दांत म्हणाले, "बाई, नाताळनंतर हात चालला तर उत्तमच. नाहीतर आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल."

मी पुन्हा नगर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी कोपर दाबून, वाकवून पाहिलं.

"तेल लावा, शेक द्या, पण नुसत्या तेवढ्याने हा हात सुटायचा नाही. त्याला रोजचं काम हवं. घरी आड आहे का?"

"आहे," मी म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मग पाणी शेंदा. आधी लहान डबा, जमू लागला की पोहरा. हात वर न्यायचा, दोर धरायचा, खाली ओढायचा. कळ आली तर थांबायचं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. ताकद आहे हो तुमच्यात. आडात असलं की पोहऱ्यात येतंच."

त्या हसल्या. आमच्या आडात काय होतं ते त्यांना कुठून ठाऊक असणार!

आमचं गाव बेलापूरच्या अलीकडे. गावच्या आडावर आम्हा ख्रिस्ती लोकांना दोर टाकू देत नसत, म्हणून वडिलांनी घरामागे स्वतःचा आड खणला होता. माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणायची, त्या आडात पडून गेली. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आईने त्यावर जाड फळ्या टाकल्या, वर दगड ठेवले, आणि पुढची आठ वर्षं आम्ही डोक्यावरून पाटाचं पाणी वाहिलं.

लोकांना एवढंच माहीत होतं की शेवाळावरून तिचा पाय घसरला. मला त्याहून जास्त माहीत होतं. पाणी भरायचे वार आम्ही दोघींनी वाटून घेतले होते. सोम, बुध, शुक्र माझे. तो बुधवार होता. आई कुणाच्या तरी उसात खुरपायला गेली होती. "माझं डोकं दुखतंय," मी अक्काला म्हणाले. डोकंबिकं काही दुखत नव्हतं. मागून आणलेल्या गोष्टीच्या पुस्तकाची शेवटची पानं तेवढी उरली होती. "पड तू, मी जाते," अक्का म्हणाली. मागच्या दारातून कप्पीची करकर ऐकू येत होती. मग ती थांबली. मी पान उलटलं.

डोकं दुखत होतं म्हणून मी पडून होते, एवढंच सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं हे कुणालाच सांगितलं नाही, आईला तर नाहीच.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मी आईला सांगितलं. सकाळी उठून तिने एकटीने दगड हलवले, फळ्या काढल्या, नवा दोर ओवला. आपलं जुनं लुगडं पिळून त्याचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या, आणि मागे दगडावर बसली. रडतराऊ घोड्यावर, तशी मी काठावर उभी राहिले. पहिल्या दिवशी तीन डबे ओढले आणि कोपराला ठणका लागला. आठवड्याने दहा झाले. मग डब्याच्या जागी पोहरा आला.

पोहरा पाण्यात असेतो हलका असतो, पाणी सोडलं की एकदम जड होतो. हे मी शाळेत पोरींना शिकवलेलं. तरी दर खेपेला त्या क्षणी वाटायचं की खालून कुणीतरी धरलंय. मी खाली बघत नसे. हात मात्र सुटत चालला होता. दंडाला मांस आलं, भूक वाढली, रात्री झोप लागू लागली. अक्काच्या आडाने माझी तब्येत सुधारावी याची मला चीड यायची आणि लाजही वाटायची. हेही सांगून टाकते की नाताळनंतर मी शाळेत रुजू झाले, आणि हेडमास्तरांना दुसरी बाई बघावी लागली नाही. पण त्याआधी एक गोष्ट घडली.

बुधवारी मी पाणी ओढत नसे. दर बुधवारी काहीतरी कारण काढायची, आई ते ऐकून घ्यायची. पाचव्या बुधवारी ती दारात येऊन उभी राहिली.

"ऊठ."

"आज दुखतोय गं हात."

"दर बुधवारीच दुखतोय व्हय? त्या बुधवारी बी तुझं डोकं दुखत हुतं."

मी अंथरुणावर उठून बसले.

"मी रानातनं आले तवा तुझ्या हातरुणावर पुस्तक पालथं पडल्यालं हुतं. दुखनाईत मानूस वाचीत बसत न्हाई. तुझा वार हुता, मला तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"एक गेल्ती. तुला बोलले असते तर तू बी तिच्या मागनं गेली असतीस. त्या फळ्या मी तिच्यापायी न्हाई टाकल्या, तुझ्यापायी टाकल्या. आट वर्सं रोज सकाळी उठून आदी त्याच बघत हुते, हायेत का जागच्या जागी."

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही, तिचा तो स्वभाव नव्हता. दंडाला धरून आडापाशी नेलं. मी सवयीने लुगड्याकडे हात केला, तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं, घडी करून काखेत मारलं.

"आज न्हाई बांदत," ती म्हणाली. "वड तू. मला चुलीकडं काम हाय."

आणि मला तशी उघड्या आडाच्या काठावर एकटीला सोडून ती घरात गेली. पाय ओढत गेली, पण मागे वळली नाही. मी हात वर नेला आणि दोर धरला.