पायाची बातमी

सिंधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच वर्गावर होते. काविळीमुळे तिला दवाखान्यात ठेवलं होतं, आणि ती परत येईपर्यंत तिचे तास मी सांभाळत होते. आता दीड महिना होत आला... तास अजून माझ्याकडेच आहेत.

सांगलीच्या पॉलिटेक्निकमध्ये आम्ही दोघी एकदमच लागलो. मी गणित शिकवायचे, ती इलेक्ट्रॉनिक्स. तिचं गाव विट्याच्या पलीकडे, दुष्काळी पट्ट्यात. मेंढ्या राखणारं घर. वडील नव्हते, आई एकटी राहायची. आईला साखरेचा आजार होता आणि त्यात पायांची जाणीव गेली होती. काटा रुतला तरी कळायचं नाही. अशाच एका जखमेपायी उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. तेव्हापासून सिंधूच्या डोक्यात एकच प्रश्न होता. दुखलेलं कळत नसेल, तर त्याऐवजी दुसरं काय कळू शकेल?

कातडी फाटण्याआधी ती जागा आतून तापते, असं तिच्या वाचनात आलं होतं. अंगाच्या उष्णतेतून न दिसणारे अवरक्त किरण निघतात. ते टिपणारा सेन्सर पायाखाली बसवला तर? पहिला सेन्सर तिने चोर आल्यावर वाजणाऱ्या एका बिघडलेल्या घंटेतून काढला. त्याला फक्त हालचाल कळायची. स्थिर पायासमोर तो गप्प! ''आई चोर नाही ना, म्हणून,'' ती हसत म्हणाली. मग पुण्याच्या मैत्रिणीकडून तिने कानाच्या थर्मामीटरमधले दोन सेन्सर मिळवले. जाड चपलांच्या तळात खाच करून ते बसवले, वायरी पोटरीवरून कमरेच्या पेटीपर्यंत नेल्या. एक पाय दुसऱ्यापेक्षा बराच वेळ गरम राहिला, की पेटीवरचा तांबडा दिवा लागायचा.

''पाय माझा, आन् बातमी पेटीला व्हय गं?'' आई म्हणाल्या. पण चपला घालून गावभर फिरल्या. एकाच पायावर ऊन आलं की दिवा लागायचा, एक पाय चुलीकडे करून बसल्या की लागायचा. सिंधू दर सुट्टीला जाऊन पेटीत काहीतरी बदलायची.

एकदा आई सांगलीत आल्या असताना सावलीत बसल्या बसल्याच दिवा लागला. पाय धडधाकट दिसत होता. ''कायबी न्हाई झालं,'' आई म्हणत राहिल्या. सिंधूने ऐकलं नाही, रिक्षा केली. मीही सोबत गेले. डॉक्टरांनाही आधी काही दिसेना. पण त्यांनी चपला उलटसुलट करून पाहिल्या, कुतूहलाने सगळं विचारलं आणि टाचेच्या घट्ट्याची जाड कातडी तासली. खाली पू धरला होता. पाय वाचला. रिक्षात परतताना सिंधू हुंदके देऊन रडली, आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

चपलेत वायरी वाकून वाकून तुटायच्या. दुसरी जोडी तिला धड जमलीच नाही...

गेल्या आठवड्यात आई तिचं सामान न्यायला आल्या. निघताना पायरीवर बसल्या, उजव्या हाताची पालथी बाजू पायाच्या एका तळव्याला लावली, मग दुसऱ्याला.

''हे काय करता?'' मी विचारलं.

''पेटी बिघडली तवा सिंधूनं शिकिवलंय. बाहेर पडायच्या आधी बगायचं. आवं बाई, माझे हातच आज गार पडल्यात. तुमी बगा.''

मी बसले. भेगाळलेल्या तळव्यांवर हात ठेवून पाहिला. पुन्हा पाहिला.

''दोन्ही सारखे आहेत.''

''मग जाती चालत,'' आई म्हणाल्या, आणि स्टँडच्या दिशेने निघाल्या.