शेळ्यांचं कौतुक

त्या वर्षी कतारमध्ये हिवाळाभर पाऊस फिरकलाच नाही. मोकळ्या रानातली होती नव्हती ती खुरटी झुडपंही जनावरांनी ओरबाडली. मी सर्व्हेअर. आमच्या कंपनीकडे सरकारी काम आलं ते असं: शेळ्यांच्या मालकांना सांगायचं, निम्मा कळप रानातून काढा, पाऊस पडेपर्यंत कुंपणातल्या आवारात ठेवा, चारा फुकट. ऐकायला सोपं.

पहिलाच मालक म्हातारा बेदुईन. शेळ्या म्हणजे त्याचा जीव. हुकूम आला म्हणून एक शेळी हलणार नाही, हे त्याने कॉफी ओतता ओतताच मोडक्या हिंदीत सांगून टाकलं. आता आपल्याकडे अवघड विषय काढायचा तर आधी यजमानाच्या घराचं कौतुक करतात. पडदे छान, पोहे छान, मग मुद्दा. तिथे पडदे नव्हते. मी काळ्या शेळीकडे बघून म्हटलं, "बहुत अच्छी है."

"तुम्हारी है. ले जाओ."

मी नको नको केलं, जेवताना आग्रहाला करतो तसं. त्याचा चेहराच पडला. पाहुण्याला आवडलेली वस्तू पाहुणाच नाकारतो म्हणजे काय! शेळी माझ्या पिकअपमध्ये चढली. मी गोंधळून म्हटलं, "वो सफेद भी…" तीही चढली.

घाबरून बायकोला फोन केला. ती म्हणाली, "बिन महमूदमधल्या आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टमधून शेळी वर आली, तर मी खाली उतरेन. कायमची."

मग डोक्यात प्रकाश पडला. हुकमाने होत नाही ते कौतुकाने होतंय! शेळ्या आवारात ठेवायच्या आणि पाऊस पडला की भेट म्हणून त्यालाच परत द्यायच्या. हे अर्थात त्याला सांगितलं असतं तर सगळंच मुसळ केरात. मी निर्लज्जपणे सुटलो. कान, शिंगं, चाल, दाढी, काही सोडलं नाही.

"यल्ला, ले जाओ," म्हातारा म्हणत राहिला. पण गाडी भरत आली तसा त्याचा आवाज बसत गेला आणि माझं हसू आटलं. एक लंगडी शेळी त्याच्या गुडघ्याला चिकटून उभी होती. तो तिची मान कुरवाळत होता आणि माझी नजर टाळत होता. देखणी होती हो ती! मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

शेवटी रीत म्हणून त्यालाच विचारावं लागलं. "और ये?"

"ये? एकदम बेकार," मी म्हटलं.

म्हाताऱ्याने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "शुक्रन," तो म्हणाला, आणि कितीतरी वेळ त्याने तो सोडला नाही.