मास्तरांचा उलटा कोट

मास्तर आधी अंगातला काळा कोट काढायचे, झटकायचे, उलटा करायचे आणि अस्तर बाहेर ठेवून पुन्हा घालायचे. मग बाकावर मांडी ठोकून म्हणायचे, "हां. आता मी तुमच्या कालेजातला प्रोफेसर. देव-बिव काय न्हाई. बोल गे, काय म्हणतीस?"

कुंभारवाड्याच्या आमच्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात ते रविवारी उपदेश करत, एरवी पोरांना बाराखडी शिकवत. सुलट्या कोटातला हा माणूस मुंगीलाही वाट देई. उलट्या कोटातला चावायचा. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, काळजीपोटी दुसऱ्याला सोलून काढणारा.

त्यांचा एकुलता मुलगा आमच्याआधी कॉलेजात गेला होता. तिथं कुणी देवाबद्दल काही विचारलं, याला उत्तर सुचलं नाही, आणि सुट्टीत आला तो प्रार्थनेला उठेचना. बापलेकांत बोलणं उरलं ते "जेवलास?" एवढंच. तेव्हापासून इथून जाणारं प्रत्येक पोर मास्तर आधी स्वतः सोलून, मीठ लावून पाठवत.

मी धारवाडला निघाले त्याच पावसाळ्यात माझी आई हिवतापानं गेली होती. मास्तरांनी बरोबर तिथंच बोट घातलं. "आय तापानं फणफणत हुती, तवा तुझा देव कुठं हुता?"

मी भोकाड पसरलं.

"बरं. आणि मग?" हे त्यांचं नेहमीचं. "रड, इथंच रड. तिथं रडलीस तर हसतील."

उत्तरही त्यांनीच शिकवलं. "त्याचा स्वतःचा पुत्र क्रुसावर मेला, तवा हुता तिथंच." डोळ्यांत पाणी न आणता म्हणता येईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. आईचं नाव घेऊन घेऊन घोटवलं.

माझा चुलतभाऊ एकदा वैतागला. "मास्तर, प्रोफेसर परवडला. देवानं तुमच्यापास्नं वाचवावं."

"म्हंजे देव हाय म्हणतोस. बस खाली. पास."

लोंढ्याला आगगाडीत बसले तेव्हा मी कशी होते म्हणता? दोन वेण्या, नवे बूट, नाक आढ्याला, आणि सगळ्या नास्तिकांना लोळवायची तयारी. कॉलेजात देवाबद्दल मला कुणी चकार शब्द विचारला नाही. विचारलं ते एवढंच, "तुमच्याकडं वाघ घरात येतात का हो?" एकदा प्रोफेसरांनी माझ्याकडं बोट केलं. मी ताडकन उठून मास्तरांचं उत्तर खडखडा म्हणून टाकलं. ते म्हणाले, "छान. पण मी खिडकी लावा म्हणालो." वर्ग हसला. मी रडले नाही. तेवढं शिक्षण पक्कं झालेलं. वसतिगृहात मात्र रोज एकटीच गुडघे टेकायची, आणि देवापेक्षा मास्तरांच्या धाकानंच टेकायची.

पुढच्या सुट्टीत घरी आले तर कळलं, मास्तरांचा मुलगा गेला. तोच ताप. शेवटी बाप प्रार्थना करायला बसला, तर पोरानं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि तसाच गेला.

मी भेटायला गेले. मास्तर बाजेवर पडून होते. त्यांनाही ताप भरलेला. मला बघून म्हणाले, "आलीस? सांग गे. माझा पोरगा गेला, तवा तुझा देव कुठं हुता?"

जुनीच परीक्षा म्हणून मी हसले. उत्तर ओठावर आलं. आणि खुंटीकडं नजर गेली. कोट तिथं टांगलेला होता. सुलटा.

मी उठले, कोट काढला, अस्तर बाहेर करून त्यांच्या अंगावर पसरला. म्हटलं, "आता विचारा, मास्तर."

त्यांनी अस्तरावरून हात फिरवला.

"न्हाई. सुलटा कर."

मी सुलटा केला आणि परत खुंटीला लावला. मी धारवाडला परत गेल्यावर त्यांना माती दिली, असं चुलतभावानं सांगितलं. बाकीच्यांनी पुरताना कोट त्यांच्या अंगात घालू म्हटलं, पण कुणालाच तो खुंटीवरून काढवेना.

आता म्हातारपणी माझे गुडघे टेकत नाहीत, म्हणून बाजेवर बसूनच प्रार्थना करते. आमेनच्या आधी मास्तरांचा प्रश्न देवाला विचारते. वरून काही येत नाही. मग मी पदर सावरते आणि म्हणते, "बरं. आणि मग?"