खुनी कुणाचा कोण?

आमच्या घरमालकांच्या लेखी या पृथ्वीतलावर परका माणूस अजून जन्माला यायचा आहे. उस्मानपुऱ्यातली त्यांची वरची खोली बघायला मी गेलो, तर त्यांनी भाड्याचा विषयच काढला नाही. माझं गाव, आजोळ, मावशीचं सासर विचारलं आणि चहा निवायच्या आत मी त्यांच्या साडूच्या चुलत्याचा नातू निघालो. रिक्षावाला, गॅसवाला, मीटर बघायला आलेला माणूस, कुणीही त्यांच्या हातून बिननात्याचा सुटत नाही. असं हे गोतावळ्याचं माणूस. पण सोयगावच्या सख्ख्या बहिणीशी मात्र बोलणं बंद. मुलीच्या लग्नात त्यांनी झाडून सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले आणि नेमके तिच्या यजमानांना विसरले. ती भरल्या ताटावरून उठून गेली, हेही हट्टाला पेटले. पुढं बहिणीचा विषय निघाला, की ते पंख्याकडे बघत बसायचे.

रविवारी संध्याकाळी मी खाली त्यांच्याकडे जायचो आणि आम्ही दोघं टीव्हीवर एक कार्यक्रम बघायचो. आधी खुनाचं छोटंसं नाटक. मग शहरातली चार माणसं संशयितांना उलटसुलट प्रश्न विचारणार आणि शेवटी प्रत्येकानं खुनी कोण ते सांगायचं. घरमालक चहा संपेपर्यंत खुनी ओळखायचे, तोही अचूक. उरलेला वेळ "मयताच्या बायकोला म्हायेरचं कोन हाय का नाय?" या काळजीत जायचा. मीच त्यांचं नाव वाहिनीला कळवलं. बोलावणं आलं, तेव्हा इस्त्रीवाल्याच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी सदरा कडक करून घेतला.

चित्रीकरणाला मी प्रेक्षकांत होतो. बाकीचे तिघं सुरी, किल्ल्या, मागचं दार यांचा कीस पाडत होते. यांची पाळी आली तेव्हा समोर होता नोकराचं काम करणारा, खोट्या मिशीतला पोरगा.

"गाव कोनतं, बाबा?"

पोरगा गडबडला. "सोयगाव."

"आईचं म्हायेर?"

निवेदिका हसली, प्रेक्षक हसले. पोरगा हसला नाही. मिशी चाचपत हळूच म्हणाला, "तुमच्याच घरचं, मामा."

शाळकरी असताना पाहिलेला भाचा असा समोर आलेला बघून घरमालकांचा चेहरा पार उतरला. पुढं त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी तिघांनीही नोकराचं नाव घेतलं. हे म्हणाले, "कुनी बी असंना, ह्यो नाय. भाचा हाय माझा." खुनी अर्थात नोकरच निघाला.

कार्यक्रम दाखवला, त्या संध्याकाळी चेष्टा करणाऱ्यांचे फोनावर फोन. घरमालक सगळ्यांना स्पीकरवरच उत्तरं देत होते. तेवढ्यात एका बाईचा आवाज आला.

"दादा, आरं खून त्यानंच केलता की रं!"

घरमालक ताठ बसले. "व्हय. ठावं व्हतं मला."

"मंग?"

"तुझ्या लेकराला खुनी म्हनू व्हय मी? एवढ्या लोकांत?"

 ती म्हणाली, "जेवाया कवा येतूस?"

मला तिथं बसवेना. मी वर आलो आणि उगाचच डोळे धुतले.

आता रविवार उजाडला, की ते सोयगावची एसटी धरतात. मला बरंच वाटतं. संध्याकाळी मी एकटाच टीव्ही लावतो. खुनी कधीमधी सापडतोही. पण त्याच्या आईची चौकशी करणारं शेजारी कुणी नसतं.