मल्लेश्वरीची मर्यादा

भालकीच्या स्टँडमागं मल्लेश्वरीअक्काची कडक भाकरी मिळते. भाकरी जितकी कडक, तितकीच अक्काची जीभ. पण त्या सोमवारी ती सकाळपासून गप्प होती आणि सारखी डोळ्यांना पदर लावत होती.

फोनवर बँकेचा मराठी संदेश आला होता: 'अभिनंदन! आपल्या क्रेडिट कार्डाची मर्यादा चाळीस हजारांवरून दीड लाख होत आहे. स्वीकारता का?'

अक्काचं घरातलं बोलणं कानडी, बाजारातलं मराठी. आणि कानडीत मर्यादे म्हणजे मान. नवरा गेल्यावर याच बाजारानं 'बाईमाणसाला उधार न्हाई' म्हणून हात झटकले होते. आज इथल्याच बँकेनं आपला मान वाढवला, आता नको कसं म्हणायचं? ती पेढ्यांचा पुडा घेऊन थेट बँकेत गेली.

खिडकीपलीकडच्या संध्यानं विचारलं, "पेढे कामून, अक्का?"

"माझी मर्यादा वाढवलात न्हवं?"

संध्या हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं कानडीतच समजावलं, हा मान नव्हे, उधारीची हद्द. तुम्ही वेळेवर फेडता म्हणून दीड लाखापर्यंत देतोय.

अक्का ओशाळली, मग स्वतःवरच खदखदून हसली. "मग नको गं माय. चाळिसात गॅस, तेल, समदं भागतंय. दीड लाख दिसले तर माझा हात आवरायचा न्हाई. इचारलात, तेच लई झालं."

तिनं 'नको' दाबलं, संध्याच्या हातावर एक पेढा ठेवला आणि बाहेर पडली. पायरीवर मात्र थबकली. मग आपला मान राखला तो कुणी?

बारा वर्षांपूर्वी, नवरा गेला तेव्हा, ती रिकामी पिशवी घेऊन अंबाजीच्या धान्याच्या दुकानासमोर उभी होती. त्यानं कागद मागितला नाही, की जामीन. जोंधळ्याचं अख्खं पोतं सायकलवर बांधून घरी धाडलं. पैसे तिनं केव्हाच चुकते केले होते. आभार तेवढे राहून गेले होते.

अंबाजी आता थकलाय, त्याला ऐकूही कमी येतं. अक्का तशीच त्याच्या दुकानात गेली, त्याच्या कानाशी वाकली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "अण्णा, माझी मर्यादा तुम्ही वाढवलात!"

अंबाजीच्या घरात मराठीच. त्याला वाटलं, बाईची काहीतरी नड आहे, उधारीची हद्द वाढवून मागतेय.

"वाढवतो की, माय," तो म्हणाला. "किती पोती धाडू?"