हलीमाच्या तीन खोल्या

मदत पोचवणाऱ्या एका संस्थेने हलीमा नावाच्या सुईणीला फसवलं. मला नाही. माझ्या बिलाचे पैसे चोख आले, वर आभाराची काचेची ढालही आली. संशय तेव्हाच यायला हवा होता. ज्याचे पैसे चुकते केलेत त्याचे पुन्हा आभार मानायची वेळ येते, तेव्हा कुठेतरी काहीतरी झाकायचं असतं. पण हलीमाला फसवताना त्यांनी जीभ माझी वापरली, म्हणून हे लिहितोय. जे गावात राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे इकडे येऊन रुतलात त्यांच्यासाठीही. कारण दोन्हीकडून मला एकच प्रश्न येतो, "तुला पैसे मिळाले ना? मग तुझं काय गेलं?"

काय गेलं ते सांगायचं तर मी गाव सोडलं त्या सकाळपासून सांगावं लागेल.

त्या सकाळी अब्बा मला एसटीपर्यंत सोडायला आले नाहीत. ते होड्या बांधायचे, आणि त्या दिवशी खाडीत नवी होडी उतरायची होती. आमच्या गावची रीत अशी, की नव्या होडीच्या पहिल्या फेरीला ती बांधणारा सुतार आत बसतो. तो बसला नाही तर मालक होडी ताब्यात घेत नाही. मुलगा आखातात चाललाय आणि बाप दुसऱ्याच्या होडीत बसणार, या रागाने मी बॅग उचलून सरळ निघालो होतो. अम्मीने अडवलं. "भेटून जा. नाहीतर तिकडे जाऊन कुढत बसशील, मी ओळखते तुला."

धक्क्यावर गेलो तेव्हा होडी सुटली होती. अब्बा लुंगी खोचून आडव्या फळीवर बसले होते. मला बघून तिथूनच ओरडले, "बशीर, होडी बुडाली तर लोक तांडेलाचं नाव घेत नाहीत, सुताराचं घेतात. ध्यानात ठेव!" बस, एवढंच. ना 'सांभाळून जा', ना 'पत्र टाक'. होडी खाडीच्या तोंडाकडे गेली आणि मी एसटीकडे.

अबू धाबीच्या मुसफ्फ्यात, कारखान्यांच्या वस्तीत, आलो तो वेल्डरचा हेल्पर म्हणून. कंपनीचा कॅम्प, कंपनीची बस, कंपनीचंच जेवण. वेल्डिंग शिकलो, अरबी शिकलो, आणि सगळ्यात आधी शिकलो ते समोरच्याने पहिला भाव सांगितला की हसायचं. आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. आम्ही केबिन बनवतो. लोखंडी सांगाडा, पत्र्याच्या भिंती, आत वायरिंग, की क्रेनने उचलून ट्रेलरवर. साइट ऑफिस, वॉचमनची खोली, मजुरांची न्हाणीघरं. माझ्याशी भाव करून गेलेला माणूस गेटबाहेर जाऊन एकदा तरी मला शिवी देतो, आणि पुढच्या वेळी माझ्याकडेच येतो. रागीट आहे म्हणतात. आहे. इकडे सगळेच गोड बोलतात, एखादा तरी तिखट हवा.

निखिल माझ्याकडे आला तो त्या संस्थेचा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. ऑफिस दुबई सिलिकॉन ओएसिसला, माणूस पुण्याचा. गेटमधून आत येतानाच म्हणाला, "बशीरभाई, आपण मराठी माणसं!" मी मनात म्हटलं, आता हा भाव पाडणार. त्याला बाळंतपणासाठी तीन खोल्या हव्या होत्या. युद्ध संपून थोडेच दिवस झालेल्या एका देशात, दवाखाना जमीनदोस्त झालेल्या एका गावासाठी. भाव त्याने फारसा पाडलाच नाही. मला ते आवडलं नाही. स्वतःच्या खिशातून देणारा माणूस असा सोडून देत नाही.

त्या गावची सुईण म्हणजे हलीमा. संस्थेच्या कुठल्याशा परिषदेला तिला दुबईत आणलं होतं, तेव्हा निखिल तिला पहिली खोली दाखवायला वर्कशॉपमध्ये घेऊन आला. जाडजूड बाई, पायात पुरुषी बूट. ती अरबीच बोलायची, निखिलसाठी मी मराठी करत होतो. तिने भिंती बघितल्या नाहीत, दार बघितलं. मग कोपऱ्यातली प्लायवुडची फळी दाखवून निखिलला म्हणाली, "झोप त्यावर."

"मी?" निखिल माझ्याकडे बघायला लागला.

"झोप, झोप," मी म्हटलं. "कस्टमर आहे ती."

माझ्या दोन माणसांनी फळी उचलून दारातून आत न्यायला घेतली. हलीमा मागून ओरडत होती, "असा मेल्यासारखा पडू नकोस! बाळंतीण हातपाय झाडत येते. झाड हातपाय!" निखिलने इस्त्रीच्या पँटीत पाय झाडले आणि त्याचा बूट चौकटीला अडकला. सगळं वर्कशॉप हसलं. हलीमा हसली नाही. "दार रुंद कर, उस्ता," ती मला म्हणाली. तिकडे कारागिराला उस्ता म्हणतात.

ड्रॉइंगमध्ये नाही ते जास्तीचं काम. मी जास्तीचे पैसे मागितले.

"माग ना," ती म्हणाली. "तुला मुलंबाळं?"

"एक मुलगी. गावी झाली, घरात."

"घराचं दार केवढं होतं?"

मी जास्तीचे पैसे सोडून दिले. आयुष्यात माझ्याशी भाव करून जिंकलेली ती एकटी.

मग तिची नजर छताकडे गेली. तिथे मी एक जाड लोखंडी कडी वेल्ड केली होती. ड्रॉइंगमध्ये तीही नव्हती. पण आमच्याकडे मूल झालं की पाळणा तुळईच्या कडीला टांगतात. बाळंतपणाची खोली आणि वर कडी नाही, असं असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हे काय? फाशी द्यायला?"

"पाळणा टांगायला."

आता मात्र ती हसली, पोट धरून. "आमच्याकडे पाळणा जमिनीवर असतो, उस्ता. पोर वर कशाला टांगायचं? कांदे आहेत का?" मी ग्राइंडर मागवला, म्हटलं आत्ता कापून टाकतो. तिने हात वर करून कडीला लोंबकळून बघितलं. "राहू दे. मजबूत आहे. सलाईनची बाटली टांगीन."

निघताना तिने विचारलं, "रमजानच्या आत खोल्या माझ्या हातात पडतील?"

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

"ते अल्लाचं झालं. तू काय म्हणतोस?"

"हो म्हणतो."

"आणि हा?" तिने निखिलकडे बोट केलं. निखिल इंग्रजीत म्हणाला, ऑफ कोर्स, दॅट इज सर्टनली द इंटेन्शन. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो म्हणतोय." आमच्या धंद्यात समोरचा माणूस मान हलवून एवढं लांब वाक्य बोलला की त्याचा अर्थ हो असाच असतो. तिने माझा हात हातात घेऊन हलवला. निखिलचा नाही. माझा.

खोल्या खोर फक्कान बंदरात जहाजावर चढल्या त्या दिवशी मी स्वतः गेलो होतो. गरज नव्हती. क्रेनने पहिली खोली उचलली आणि ती हवेत जरा गोल फिरली, तेव्हा मला एकदम अब्बा आठवले, फळीवर बसलेले. निखिलला गमतीत म्हटलं, "मीही चढतो. आमच्यात पहिल्या फेरीला सुतार बसतो." तो म्हणाला, "तुमचा इन्शुरन्स नाही ना, बशीरभाई." तोही हसला, मीही हसलो. जहाज गेलं. मग ढाल आली. ती अजून वर्कशॉपमध्ये आहे, तिच्यावर आम्ही हातमोजे वाळत घालतो.

त्यानंतर रमजान आला आणि गेला. संस्थेला आणखी तीन खोल्या हव्या झाल्या. या वेळी निखिलने मलाच ऑफिसात बोलावलं. खोल्या बनवून तयार झाल्या होत्या, फक्त ताबा द्यायची माझी सही राहिली होती. रिसेप्शनला मोठा पडदा, त्यावर फोटो सरकत होते. पांढऱ्या गाड्या, हसरी मुलं, रिबन. मग एक वर्ग आला. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं बसलेली, गळ्यात ओळखपत्रं, समोर पडद्यावर रंगीत चौकोन. आणि वर छताला प्रोजेक्टर.

प्रोजेक्टर माझ्या कडीला टांगलेला होता.

स्वतःचं वेल्डिंग माणूस स्वतःच्या अक्षरासारखं ओळखतो. शिवाय ते दार. एवढं रुंद दार वर्गाला कोण करतं?

"हे काय आहे?" मी निखिलला विचारलं.

"ट्रेनिंग सेंटर. खूप छान चाललंय."

"मी बाळंतपणाच्या खोल्या दिल्या होत्या."

"बसा ना. कॉफी घ्या. चिडू नका, ऐकून घ्या." तो खरंच समजावत होता, ते कबूल करतो. "युद्धानंतर नुसत्या खोल्या देऊन भागत नाही. डॉक्टरचा पगार कोण देणार? औषधं कुठून येणार? तिथलं आरोग्य खातंच उरलेलं नाही. आधी खातं उभं करायचं, माणसं तयार करायची. नाहीतर वर्षभरात तुमच्या खोल्यांत शेळ्या बांधतील लोक."

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. मी वर्कशॉप उभं केलंय. नुसत्या मशिनने काम होत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. "मग शिकवायला तंबू घ्यायचा होतास. मास्तर तंबूत उभा राहतो. बाळंतिणीचं काय?"

"तो निर्णय सगळ्या स्टेकहोल्डर्सशी बोलून झालाय."

"त्यातल्या एकाचं नाव सांग."

"असं नाव नसतं, बशीरभाई. प्रोसेस असते."

माझा आवाज चढला. रिसेप्शनची मुलगी उठून उभी राहिली, निखिलने काचेचं दार लावलं. मी सही न करता निघालो.

हलीमाचा नंबर माझ्याकडे होता. खोल्या निघाल्या तेव्हा तिला फोटो पाठवले होते. गाडीतूनच फोन लावला.

"कुठे करतेस बाळंतपणं?" मी विचारलं.

"धान्याच्या जुन्या गोदामात. उंदीर आहेत, पण भिंती आहेत."

"आणि खोल्या?"

"खोल्यांत शिकवतात. मलाही बोलावलं होतं. मी तुझ्या कडीखालीच बसले होते. सुरक्षित बाळंतपणाला खोली कशी हवी ते पडद्यावर दाखवत होते. चित्रातलं दार रुंद होतं, उस्ता." मला वाटलं ती हसणार. ती म्हणाली, "शेवटी हजेरीचं सर्टिफिकेट दिलं. तू हो म्हणाला होतास."

'तू' म्हणाली. 'त्यांनी' नाही. तिच्या लेखी ती संस्था, तो पडदा, ती प्रोसेस काही नाही. खोल्या ज्याने बांधल्या आणि हात ज्याने दिला, त्याचं नाव तिच्या तोंडात. अब्बा धक्क्यावरून हेच ओरडले होते.

घरी येऊन सांगितलं तर माझी मुलगी, जिचा जन्म त्या अरुंद दाराच्या घरात झाला, लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "अब्बा, प्रायॉरिटीज चेंज. इट्स नॉट पर्सनल." बायको म्हणाली, "खलास करा आता. मोठ्या लोकांशी कशाला लागता?" गावाहून धाकट्या भावाचा फोन आला, त्याला वाटलं मी बुडालो. बुडालो नाही म्हटल्यावर त्याची चौकशी संपली.

तुम्ही विचारता, इतकी वर्षं झाली, आता घर म्हणजे तुला गाव वाटतं की अबू धाबी? पूर्वी मी चिडून सांगायचो की जिथे माझं मशिन चालतं ते घर. आता वेगळं वाटतं. गावी एकदा एका होडीला गळती लागली, तर तिचा मालक आमच्या अंगणात येऊन अब्बांच्या नावाने सकाळभर ओरडला. अब्बा आधी आत बसून राहिले, मग बाहेर आले, मग हत्यारं घेऊन त्याच्याबरोबर गेले. मला तेव्हा लाज वाटली होती. घर म्हणजे तेच. जिथे तुमच्या नावाने ओरडायला कोणालातरी अंगण असतं, आणि तुम्हाला बाहेर यावंच लागतं. हलीमाला ओरडायला अंगण नाही. संस्थेला लिफ्ट आहे, कार्ड लावल्याशिवाय ती चालत नाही. मी उत्तर मागणारी मेल टाकली, तर मशिनने आपोआप आभार मानले.

अंगण माझ्याकडे आहे. नव्या तीन खोल्या मुसफ्फ्यात माझ्या आवारात उभ्या आहेत, आगाऊ घेतलेले पैसे मी परत पाठवले आहेत. संस्थेचा ट्रेलर येऊन गेला, मी क्रेन सुरू करू दिली नाही. निखिल म्हणतो, अडवणूक करताय, तिकडे लोकांचं नुकसान होतंय. कुठल्या लोकांचं, ते तो सांगत नाही. मी भाव वाढवत नाहीये, हे त्याला अजून पटत नाही. माझी मागणी एवढीच आहे. आधीच्या खोल्यांतून तो प्रोजेक्टर उतरवा, खुर्च्या बाहेर काढा, किल्ली हलीमाच्या हातात द्या. तिने फोनवर मला हो म्हटलं की त्याच दिवशी क्रेन हलेल, आणि या वेळी पहिल्या फेरीला मी बसणार, इन्शुरन्स गेला खड्ड्यात.

आणि निखिल, तू मराठी वाचतोस म्हणून मराठीत विचारतो. माझ्या आवारात ये, उन्हात उभा राहा आणि सांग. त्या बाईच्या खोल्या काढून घ्या, असं पहिल्यांदा कोण म्हणालं? प्रोसेस नको. माणसाचं नाव सांग.