उभ्या पिकात उतरायचं न्हाई

चहाचा कप खाली ठेवला की त्याचे दोन्ही हात आपोआप कानांपर्यंत जायचे, मुठी अर्धवट मिटलेल्या. नवख्याला वाटावं, याच्यावर कुणी बंदूक रोखलीय. पॅराग्लायडरचे ब्रेक धरून धरून लागलेली ती सवय. "हात वर. छत्रीला उडू द्या, ती आपल्यापरीस शानी हाय," हे त्याचं पालुपद.

मूळचा तलवाड्याचा. पुण्याकडच्या डोंगरांवर उडायला शिकला आणि ऐन दुष्काळात लिंबागणेशजवळच्या आमच्या गावी मामाकडे येऊन राहिला. मी इथल्या सोसायटीचा सेक्रेटरी. खताला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून माल मागवलाच नव्हता, गोदाम ओस पडलेलं. त्यानं किल्ली मागितली, मी देऊन टाकली.

गोदामाच्या तुळईला एक लोखंडी आकडा होता. त्याला त्यानं उडताना बसायचे पट्टे टांगले आणि गावातल्या हौशींना शिकवायला लागला. आम्ही त्यात लोंबकळायचो आणि हा खालून ओरडायचा, "उजवी बाजू मिटली! आता काय?" एकदा चेअरमनही हौसेनं लटकले. "पडलात!" म्हणताच त्यांनी लाल मूठ उपसून संकटकाळची छोटी छत्री थेट वजनकाट्यावर भिरकावली. तो गंभीरपणे म्हणाला, "चेअरमन वाचले. काटा गेला."

पुढे आम्ही डोंगराच्या कडेवरून उडू लागलो, तेव्हा माझ्यावर हवेत खरंच ती वेळ आली. तापलेल्या नांगरटीवरून वावटळ उठली आणि छत्रीची उजवी बाजू मिटली. मी गरगरत डोंगराकडे ओढला जाऊ लागलो. तोच वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला, हॉटेलात चहा सांगावा तसा.

"सेक्रेटरी, डोंगर बगू नका, मोकळं रान बगा. डाव्या कुल्ल्यावर बसा. डावा ब्रेक हलकाच... लई न्हाई. आता उजवा लांब ओढा. सोडा."

फाडकन छत्री उघडली.

"हात वर," तो म्हणाला.

उतरल्यावर पोरांनी सांगितलं, मी जमिनीला टेकेपर्यंत हा स्वतःच हात वर धरून उभा होता. वॉकीटॉकी दुसऱ्यानं त्याच्या तोंडाशी धरली होती. मी जवळ गेलो, तरी ते हात खाली आले नव्हते.

मग एका वर्षी पाऊस झाला. गोदामात पोत्यांच्या थप्प्या आकड्याला भिडल्या, रानं कपाशीनं भरली. उभ्या पिकात उतरायचं नाही, हा त्याचा नियम. मी त्याला माझा पडीक तुकडा दाखवला, म्हटलं, इथं उतरत जा, पण राहा.

"वारं चुकलं तर कुनाच्या तरी कपाशीत पडन मी. कावून अडवता, सेक्रेटरी?"

तो हिमाचलकडे गेला. काही दिवस फोन आले, मग तेही थांबले.

दुष्काळाची आठवण कुणी काढतं का? सोसायटीच्या सेक्रेटरीनं तर काढूच नये. पण मला ती वर्षं हवी आहेत.

यंदा पुन्हा पावसानं दडी मारलीय. रानं मोकळी, गोदाम मोकळं. लोक ढगासाठी वर बघतात. मी डोंगराच्या कडेकडे बघत अंगणात उभा असतो.

"हाय का काई?" बायको आतून विचारते.

"न्हाई," म्हणतो, आणि कानांपर्यंत गेलेले हात खाली घेतो.